चमच्यावरचं सरबत

बाळांनो, मागच्या शुक्रवारी मी तुमचा फोन मध्येच बंद केला. तुम्ही दोघं आजोबांना हसवत होतात, त्यांच्या तोंडात नाचणीच्या सत्त्वाचा चमचा नुकताच गेला होता, आणि मी काही न बोलता फोन उलटा करून टेबलावर ठेवला. आजी रागावली असं तुम्हाला वाटलं, हे तुमच्या आईने रविवारी कळवलं. मी रागावले नव्हते. घाबरले होते, आणि समजावून सांगायला त्या वेळी सवड नव्हती. म्हणून आता सविस्तर लिहिते. तुमची आई हे तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवील. तिनेही ऐकाव्यात अशा काही गोष्टी यात आहेत, ज्या तिला परदेशात इतक्या लांब बसून काळजी नको म्हणून मी फोनवर सांगितल्या नाहीत.

मुद्दा एकच आहे. आजोबांना तोंडाने जेवायचं आहे, आणि त्यांच्या घशाला ते आता धड जमत नाही. डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे की पुन्हा एकदा मोठा न्यूमोनिया झाला तर पोटात नळी बसवावी लागेल. मग अन्न थेट त्या नळीतून जाईल, तोंडात काही द्यायचं नाही. आजोबांना हे नको आहे. रोह्याच्या या घरात सध्या जे काही चालतं, ते सगळं या एका गोष्टीभोवती चालतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, हे तुम्हाला माहीत आहे. हात परत आला, पाय बराचसा आला, बोलणं जड पण समजण्याइतकं आलं. घसा मात्र परत आला नाही आणि ते आम्हाला कळलंही नाही. चहा पिताना ठसका लागायचा, पाणी पिताना लागायचा. आपल्याकडे ठसका लागला की कोणीतरी आठवण काढतंय असं म्हणतात. "लेक आठवण काढतेय," असं ते स्वतःच म्हणायचे, डोळे पुसायचे आणि पुढचा घोट घ्यायचे. तुमच्या आईला त्या दिवसांत भलतंच श्रेय मिळालं. मग एका आठवड्यात ताप चढला, श्वास लागायला लागला, आणि आम्ही पनवेलला दवाखान्यात पोचलो. तिथे कळलं की घोटातलं थोडं थोडं श्वासनळीतून छातीत उतरत होतं.

तिथे नाकातून नळी घातली. त्यांनी ती ओढून काढली. पुन्हा घातली आणि हातांना जाड मोजे बांधले, तर मोज्यांसकट ओढून काढली. "मी काय गाडी आहे, टाकी भरायला?" असं नर्सला विचारलं. नर्स हसली आणि त्यांनाही हसू आलं. मला नाही आलं.

घरी सोडताना पेणचा पत्ता मिळाला. तिथल्या एका डॉक्टरांकडे गिळण्याचे व्यायाम शिकवणारी एक मुलगी महिन्यातून एकदा येते. मुलगी म्हणते मी, आहे तिशीची. दिवा स्टेशनला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत बसून आम्ही पेणला जातो, तिथून रिक्षा. तिने पहिल्या भेटीत जे सांगितलं त्याने माझी समजूत पार उलटी झाली. मला वाटायचं, पातळ ते गिळायला सोपं आणि घट्ट ते कठीण. तसं नाही. पाणी फार चपळ असतं. घसा श्वासाची वाट बंद करायच्या आतच ते निसटून आत शिरतं. घट्ट पदार्थ सावकाश सरकतो आणि तेवढ्यात घसा सावरतो. म्हणून पाण्यात एक डिंकासारखी पावडर मिसळून ते दाट करायचं. चहासुद्धा, औषधाचं पाणीसुद्धा.

"जन्मभर पाणी प्यायलो," आजोबा तिला म्हणाले, "आता पाणी खातो."

बाकीचे नियम तुम्हालाही कळू देत. जेवताना पाठ सरळ हवी. हनुवटी छातीकडे. अर्धा चमचा, मग गिळायचं, मग तोंड रिकामं असतानाही पुन्हा एकदा गिळायचं. तोंडात घास असताना बोलायचं नाही, हसायचं नाही, टीव्ही बंद. जेवण झाल्यावर दात आणि जीभ स्वच्छ करायची, कारण तोंडातली घाण छातीत गेली तर तीही आजार करते. त्यानंतर अर्धा तास बसूनच राहायचं. तेव्हा हसवायचं असेल तर त्या अर्ध्या तासात खुशाल हसवा. त्या वेळी त्यांना दुसरं काही करायलाही नसतं.

माझं शिक्षण इंग्रजीतून झालं आणि पुढे शाळेत मी इंग्रजीच शिकवलं, त्यामुळे त्या मुलीने दिलेला इंग्रजी कागद मी गाडीतच वाचून काढला. त्यात सूप होतं, पुडिंग होतं, सॉस घातलेलं मांस होतं. आमच्या स्वयंपाकघरातलं एकही नाव नव्हतं. मी घरी येऊन आमच्या पदार्थांची तशीच वर्गवारी केली. तांदळाची पेज, पण वरचं पाणी आणि खालचं शीत वेगळं राहिलं तर चालत नाही, घोटून एकजीव हवी. भोपळा उकडून बारीक चाळणीतून घासून काढलेला. नारळाच्या दुधातला मासा, काटे काढून, कुस्करून. भाकरी, पोहे, शेंगदाणे, पापड बंद. पेणचे पोह्याचे पापड ज्या माणसाने नुसते हातात धरून पेपर वाचता वाचता संपवले, त्याच्यासमोरून ते डबे मी माळ्यावर टाकले.

एका जेवणाला तास लागतो. मग माझं जेवण गार होतं आणि मी ते ओट्याशी उभ्यानेच उरकते. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. दिवस कसा जातो, एवढंच कळावं.

मदतीला एक बाई येते. खाडीकडच्या गावची, पूर्वी मिठागरात काम केलेली, आवाज असा की समोरच्या इमारतीत कळतं आजोबांनी काय खाल्लं. पहिल्या आठवड्यात त्यांना ठसका लागला, तशी ती पाण्याचं भांडं घेऊन धावली. मी तिचा हात धरला.

"पाणी नको! पाण्यानेच लागलाय."

"अगो बाई, ठसक्याला पाणी नाय तर काय दगड देऊ?"

"काही द्यायचं नाही. पुढे वाकवायचं आणि खोकू द्यायचं."

ती तशीच भांडं धरून उभी राहिली आणि खोकला थांबल्यावर म्हणाली, "आमच्यात असं कोणी केलं तर लोक म्हणतील, नवऱ्याला मारायला बघते." मग शिकली. आता तीच त्यांना दरडावते. "काका, गिळलात का नाय? तोंड दाखवा."

"एक मास्तरीण घरात होतीच," आजोबा म्हणतात, "दुसरी कशाला आणली?"

"पयली लाजते, मी नाय लाजत. आ करा."

एवढं सगळं करूनही छाती भरत होती. दर आठवड्याला नाही, पण बहुतेक शनिवारी त्यांचा आवाज ओला व्हायचा, जणू घशात पाणी अडकलं आहे, आणि रविवार-सोमवारी कणकण यायची. असं करता करता दुसऱ्यांदा पनवेलला न्यावं लागलं. पोटातल्या नळीचं डॉक्टर बोलले ते तेव्हाच. मी सगळं परत तपासलं. पावडरचं माप, उशीची उंची, चमचे. चूक सापडेना. मी थकले होते आणि थकलेल्या माणसाला स्वतःवर संशय घ्यायला फार वेळ लागत नाही. मी झोपेत असताना कोणी त्यांना साधं पाणी देतं की काय, असाही विचार येऊन गेला.

पुढच्या खेपेला पेणच्या त्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण शनिवारीच का?"

"शनिवारी आम्ही काम करत नाही," आजोबा म्हणाले. "घसाही सुट्टी घेतो."

ती हसली, पण तिने विषय सोडला नाही. "शुक्रवारी रात्री काय वेगळं जेवता?"

मी सांगितलं. मासा, जिताडा मिळाला तर जिताडा, नारळाच्या दुधात, कुस्करलेला. मऊ भात. "आम्ही यहुदी आहोत," मी म्हणाले. "शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ लागतो. त्याआधी दिवे लावतो, मग प्रार्थना होते, मग जेवण."

"प्रार्थनेत काही खाता-पिता?"

"नाही," मी म्हणाले.

"नाही," आजोबाही म्हणाले. दोघंही अगदी खरं बोलत होतो. मग ते म्हणाले, "नुसतं किद्दूश."

"म्हणजे काय?"

सांगण्यापेक्षा करून दाखवणं त्यांना सोपं वाटलं. ते खुर्चीचा हात धरून उठले, उजवा तळहात पुढे केला, त्यावर पेला असल्यासारखा तो तोलला, चार शब्द पुटपुटले, आणि मान मागे टाकून मोठा घोट घेतला.

त्या मुलीने पेन खाली ठेवलं. "काका, बसा आधी," ती म्हणाली. "आणि पेल्यात काय असतं ते सांगा."

तुम्ही तिकडे दुकानातून द्राक्षरसाची बाटली आणता. इथे आम्ही काळ्या मनुका सकाळी भिजत घालतो, संध्याकाळी कुस्करतो आणि फडक्यातून गाळतो. एकदा नाही, दोनदा. माझ्या सासूबाईंची कसोटी अशी होती की चांदीच्या पेल्यात सरबत ओतल्यावर पेल्याचा तळ दिसला पाहिजे. लग्न होऊन आले तेव्हा माझं सरबत गढूळ म्हणून त्यांनी दोनदा मोरीत ओतलं होतं. तेव्हापासून या घरातलं सरबत नितळ असतं. घरातला पुरुष उभा राहून, काठोकाठ भरलेला पेला तळहातावर घेऊन त्यावर आशीर्वाद म्हणतो आणि पहिला मोठा घोट तोच घेतो. पेला खोल आहे, त्यामुळे मान मागे टाकावीच लागते. त्या मुलीने नको म्हणून सांगितलेलं सगळं एका घोटात होतं. उभं राहणं, मान मागे, पेला तोंडाला, पाण्याहून पातळ. सहा दिवस मी त्यांचा चहा ढवळून दाट करत होते, आणि सातव्या संध्याकाळी स्वतःच्या हाताने तो पेला भरून देत होते. लपवाछपवी कोणीच केली नव्हती. आमच्या लेखी ते पिणं नव्हतंच.

"बंद करा असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "दाट करा, बसून घ्या, चमच्याने घ्या."

परतीच्या गाडीत नागोठणं आलं. मग आजोबा म्हणाले, "ते काही पिणं नाही."

"मला माहीत आहे."

"मग तिला सांगितलं का नाहीस?"

मी पिशवीतल्या पावडरीच्या डब्याचं झाकण घट्ट केलं.

त्या शुक्रवारी मी सरबतात पावडर घालायला डबा उघडला, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात काठी आडवी धरली. "देवापुढे डिंक ठेवणार?" मी पेणच्या आमच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या गृहस्थांना फोन लावला. ते वयाने आजोबांच्याही पुढचे आहेत, आणि आजोबांशी भांडण्याचा त्यांना जुना हक्क आहे. ते म्हणाले, "वहिनी, साधी गोष्ट आहे. त्याने म्हणावं, तुम्ही प्यावं. चालतं."

"त्याला सांग, मी अजून मेलो नाही," आजोबा मागून म्हणाले.

फोनमधून उत्तर आलं, "मेलास तर दहावा माणूस मी कुठून आणू? आधीच नवावर येऊन अडतो आम्ही." आमच्यात सार्वजनिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि तुमच्यासारखी सगळी कुटुंबं तिकडे गेल्यापासून पेणला दहा जमणं हीच एक मोठी बातमी असते.

आजोबा हसले, पण ऐकलं नाही. त्या संध्याकाळी ते किद्दूश म्हणालेच नाहीत. भिंतीकडे बघत बसले. मी हळू आवाजात म्हणाले आणि प्यायले. रविवारी ताप आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मला हायसं वाटलं. आठवड्यातली एक भीती कमी झाली होती.

पण त्यांचं खाणं कमी व्हायला लागलं. आधी शुक्रवारचं, मग सगळ्याच दिवसांचं. चमचा ओठांपर्यंत यायचा आणि ओठ उघडायचे नाहीत.

"काका, रुसलात काय नव्या नवरीसारखे?" बाई विचारायची.

"भूक नाही."

"भूक नाय का मन नाय?"

"दोन्ही नाय," ते तिच्याच भाषेत सांगायचे आणि मान फिरवायचे.

सदरे ढगळ दिसायला लागले. मी पेणच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "काकू, छाती भरली तर नळी लागते, तशीच पोटात काही गेलं नाही तरी लागते." म्हणजे घोट दिला तरी नळी आणि घोट काढून घेतला तरी नळी. काय करायचं ते सुचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सुचावं अशी ताकदही उरली नव्हती.

सुचलं ते काम करतानाच. एका शुक्रवारी सकाळी त्यांच्यासाठी भोपळा चाळणीतून घासत होते. शेजारी वाटीत संध्याकाळच्या किद्दूशसाठी मनुका भिजत होत्या. मी त्या मिक्सरमधून काढल्या आणि फडक्याऐवजी त्याच बारीक चाळणीवर घेऊन चमच्याने घासल्या. सालं आणि बिया वर राहिल्या. खाली काळसर, चकचकीत, दाट रस पडला. त्यात पावडर नव्हती, डिंक नव्हता. मनुका आणि पाणी, बस.

पेणच्या मुलीने फोनवर व्हिडिओ मागितला. चमचा भरायचा आणि तिरका करायचा. पाण्यासारखं ओघळून गेलं तर नापास. सावकाश, गोळा होऊन सरकलं तर पास. सरकलं. "इतपत चालेल," ती म्हणाली. "अर्धा अर्धा चमचा." मग मी पेणच्या गृहस्थांना फोन केला. त्यांनीही चमचाच विचारला, पण दुसऱ्या बाजूने. "तिरका केला की खाली पडतं ना?"

"पडतं. वेळ लावतं, पण पडतं."

"मग तो रस आहे. चटणी असती तर बसून राहिली असती. म्हणू दे त्याला."

एकीला ते लवकर पडायला नको होतं आणि दुसऱ्याला ते पडायला हवं होतं. मी तो चमचा किती वेळा तिरका केला असेन, कोण जाणे. ओटा सगळा चिकट झाला.

संध्याकाळी दिवे लावून मी पेला त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"तळ दिसत नाही."

"नाही."

"आईने ओतून दिलं असतं."

"हो, दिलं असतं."

"आणि बसून म्हणायचं?"

"बसून."

मला वाटलं, पुन्हा भिंतीकडे वळतील. पण त्यांनी तळहात पुढे केला. मी पेला त्यावर ठेवला आणि खालून माझा हात धरला. त्यांनी आशीर्वाद म्हणायला सुरुवात केली. मध्ये एका ठिकाणी शब्द अडला, मी सांगणार होते, पण त्यांचा त्यांना सापडला. मग मी पेला खाली ठेवून चमचा दिला. हनुवटी खाली, अर्धा चमचा. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही, गळ्याकडे बघत होते. गळ्याची गाठ वर गेली, खाली आली. पुन्हा एकदा वर गेली, खाली आली. खोकला आला नाही.

"फार गोड झालंय," ते म्हणाले. आणि मग, "मासा कुठला आहे?"

त्या रात्री ते वाटीभर जेवले. तासापेक्षा जास्त वेळ लागला, आणि त्या एका वेळी मला तो जास्त वाटला नाही.

इथे गोष्ट संपली असती तर तुम्हाला वाचायला बरं वाटलं असतं. पण त्यानंतरही खोकला आला आहे. पावसाळ्यात एकदा ताप आला, औषधांवर घरीच उतरला, पण ते चार-पाच दिवस मी बसल्या बसल्या झोपत होते. पेणची मुलगी मला खोटा धीर देत नाही. ती म्हणते, वयाबरोबर घसा आणखी ढिला पडेल, आज दाट चालतं ते उद्या आणखी दाट करावं लागेल, आणि एक दिवस नळीचा प्रश्न पुन्हा समोर येईल. आजोबांनी तिला आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं आहे की त्या दिवशी काय करायचं ते आधी त्यांना विचारावं. तुमच्या आईलाही हे आता कळू दे. तिने माझ्याशी वाद घालू नये, त्यांच्याशी बोलावं. त्यांचं बोलणं अजून समजतं.

मी थकले आहे. हेही लिहायला हवं, कारण तुम्ही विचारता तेव्हा मी "ठीक आहे" म्हणते. चमचा धरून धरून मनगट दुखतं. सकाळी उठल्यावर पहिला विचार पावडरीचा येतो. कधी कधी त्यांनी एक घास नाकारला तर मला आतून बरं वाटतं, आणि लगेच दुसरा चमचा भरते. त्यांनाही कंटाळा आला आहे, पण ते तो माझ्यावर काढत नाहीत. बाईवर काढतात, आणि ती तो व्याजासकट परत करते.

भाकरी गेली. पापड गेले. साधं पाणी गेलं. उभं राहून म्हणायचं किद्दूश गेलं. आजोबा अजून तोंडाने जेवतात.